डॉ. बीरबल साहनी

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत विहीर खोदू लागले, की पहार काळ्या कातळावर आदळते. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजीजवळ याच कातळात कुकडी नदीने खोल रांजणखळगे कोरले आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेला लाव्हारस थिजून हा कातळ बनला. एका उद्रेकानंतर दुसरा होईपर्यंत कित्येकदा दीर्घ काळ लोटे. त्या अवधीत दख्खनच्या या पठारावर काही ठिकाणी तळी साचत, झाडे वाढत आणि पुढचा लाव्हारस त्यांना गाडून टाकी. अशा दगड झालेल्या वनस्पतींचा अर्थ लावण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. बीरबल साहनी होत.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या भेरा या गावी झाला. वडील रुचिराम हे लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १९११ साली बीरबल केंब्रिजला गेले. तेथे प्राध्यापक सीवर्ड यांच्या सहवासात त्यांना जीवाश्मांची गोडी लागली. १९१५ साली त्यांनी गिंको या अतिप्राचीन कुळातील वृक्षावर निबंध प्रसिद्ध केला. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठात शिकवू लागले.

नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यात, सौंसर व मोहगाव येथे, लाव्हाच्या थरांमध्ये वनस्पतींचे जीवाश्म सापडतात. दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून साहनींनी त्यांचा अभ्यास केला. ताडाच्या जातीची झाडे व पाणवनस्पती पाहून, हा लाव्हा समजला जातो तितका जुना नाही, असे मत त्यांनी मांडले. त्यावर मोठा वाद झाला. पुढे कालमापनाच्या नव्या पद्धतींनी हा उद्रेक दोन युगांच्या सीमेवर झाल्याचे दाखविले.

१९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. जीवाश्मांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था उभारावी, हा त्यांचा ध्यास होता. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते लखनौला तिची कोनशिला बसली. त्या कोनशिलेतही जीवाश्म जडविलेले होते. परंतु अवघ्या एका आठवड्यात, १० एप्रिल रोजी, साहनींचे हृदयविकाराने निधन झाले. पत्नी सावित्रीबाईंनी शोक गिळून ते कार्य पुढे नेले आणि १९५३ साली संस्थेच्या इमारतीचे उद्घाटन झाले.

साहनींच्या पश्चात या शास्त्राला नवी दृष्टी लाभली. पानाच्या त्वचेवर श्वसनाची सूक्ष्म रंध्रे असतात. हवेत कार्बन डायऑक्साइड वायू विपुल असला, म्हणजे अनेक झाडांना थोडी रंध्रे पुरतात. तो कमी असला, म्हणजे अधिक लागतात. १९८७ साली वुडवर्ड या शास्त्रज्ञाने गेल्या २०० वर्षांत जतन केलेली पाने तपासली. कारखान्यांच्या धुराबरोबर हा वायू वाढत गेला, तशी काही झाडांच्या पानांवरील रंध्रे विरळ झाल्याचे त्याला आढळले. आता जीवाश्म पानांवरील रंध्रे मोजून प्राचीन काळच्या हवेचा अंदाज बांधता येतो. या कामी गिंकोची पाने विशेष उपयोगी पडतात. तरुण साहनींनी अभ्यासिलेला वृक्ष तो हाच! आज माणूस ज्या वेगाने हवा बदलत आहे, त्याचा परिणाम जाणण्यासाठी लक्षावधी वर्षांपूर्वीच्या पानाकडे वळावे लागते. दगडातील पानाला बोलके करण्याची ती विद्या साहनींनी या देशात रुजविली.