अण्णा भाऊ साठे : गावाचा मान, मांगवाड्याचे रक्त

तुकाराम भाऊराव ऊर्फ अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांचा जन्म वाटेगाव (जि. सांगली) येथे मातंग कुटुंबात झाला. शाळा नाममात्रच. कुटुंबासह पायी मुंबई गाठल्यावर भायखळा-चिंचपोकळीच्या गिरणगावात ते कामगार चळवळीशी जोडले गेले. १९४४ मध्ये अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. मात्र 'फकिरा'चा (१९५९) मुलूख वारणाकाठचाच आहे. तेथे राणोजी मांग परगावची जोगणी आणताना प्राणास मुकतो. जत्रेचा मान गावाला मिळतो. मांगवाड्याच्या वाट्याला दुष्काळातील उपासमार व सरकारी हजेरी येते. मांगांची बाजू घेणारे विष्णुपंत कुलकर्णी अभ्यासकांनी नजरेआड करू नयेत. संघर्ष केवळ जातीजातींतला नाही. आणि मार्क्सवादी लेखकाची ही कादंबरी अर्पण केलेली आहे डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला.