सहाशे सीसीची साडेनऊशे करणारा बर्ट

गाडीचा बोअर वाढवून घ्यायचा विषय प्रत्येक कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा तरी निघतोच. सिलिंडर बोअर करायचा, मोठा पिस्टन टाकायचा, की झाली सव्वाशेची दीडशे! हिशेब चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा हिशेब सोडवण्यात न्यूझीलंडच्या एका पठ्ठ्याने अख्खं आयुष्य घातलं. त्याचं नाव बर्ट मन्रो.

बर्टचा जन्म 1899 चा, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाकडच्या इन्व्हरकार्गिल भागातला. 1920 मध्ये, एकविसाव्या वर्षी त्याने एक नवीकोरी मोटरसायकल घेतली, इंडियन स्काउट. नावावर जाऊ नका. आपल्या देशाशी तिचा संबंध नाही, ‘इंडियन’ ही अमेरिकन कंपनी. इंजिन दोन सिलिंडरचं, व्ही आकाराचं, साधारण 600 सीसी. कंपनीतून आलेली ही गाडी कितीही पिळली तरी ताशी 90 किलोमीटरच्या आसपास दम टाकायची. बर्टला ते पुरेना. 1926 च्या सुमारास त्याने इंजिन उघडलं आणि पुढची पन्नासेक वर्षं ते काम कधी संपलंच नाही.

आता थोडं इंजिनाचं गणित. पिस्टन खालून वर जाताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, ती म्हणजे सीसी. सिलिंडरची रुंदी म्हणजे बोअर, पिस्टनचा प्रवास म्हणजे स्ट्रोक. स्ट्रोक दहा टक्के वाढवला तर सीसी दहा टक्केच वाढते. बोअर दहा टक्के वाढवला तर मात्र ती एकवीस टक्के वाढते, कारण तिथे वर्ग होतो. म्हणून सगळ्यांचा डोळा बोअरवर! पण जास्त हवा-पेट्रोल जळलं की जास्त उष्णता आणि जास्त दाब. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. पिस्टन सुधारला तर ताण कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड टिकला तर बेअरिंग बोंबलतं. एक दुबळा भाग मजबूत करा, लगेच दुसरा पुढे येतो.

बर्ट या रांगेतल्या एकेका भागाच्या मागे लागला. खिशात पैसे बेताचे. मोटरसायकली विकण्याची नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात, बऱ्याचदा रात्र रात्र जागून, गाडीवर काम करायचं. जुन्या डब्यांचे साचे करून त्याने भाग ओतले. सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील घरीच बनवले. ट्रॅक्टरच्या जुन्या अ‍ॅक्सलमधून कनेक्टिंग रॉड कोरून काढले. मापायला मायक्रोमीटर नव्हता, तर चाकाची जुनी तार कामाला लावली. स्काउटचे व्हॉल्व्ह मुळात सिलिंडरच्या बाजूला असायचे. त्याने ते डोक्यावर नेले, म्हणजे हवा सरळ आत शिरते.

यात पुष्कळदा सगळं फुटलंच. जळालेले पिस्टन, तुटलेले रॉड त्याने फेकले नाहीत. शेडमधल्या एका फळीवर ते ओळीने मांडून ठेवले आणि हा वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्य आहे, असं त्या फळीवर लिहून टाकलं.

किंमत फक्त लोखंडाने मोजली नाही. 1927 मध्ये त्याचं लग्न झालं होतं, चार मुलं होती. पुढे संसार मोडला. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्याने नोकरी सोडली आणि तो गाडीसोबत शेडमध्येच राहू लागला. त्याच्या झपाटलेपणाचं कौतुक करताना ही बाजू विसरून चालणार नाही.

1957 मध्ये त्याने समुद्राच्या पुळणीवर ताशी 211 किलोमीटरचा न्यूझीलंडचा विक्रम केला. मग वेध लागले अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या बॉनव्हिलचे. तिथे मिठाचं पांढरं, सपाट मैदान मैलोन्‌मैल पसरलंय. वेगाचे अनेक विक्रम तिथे झालेत. 1962 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी, बर्ट तिथे उतरला. इंजिन एव्हाना 850 सीसीचं झालं होतं. ताशी 288 किलोमीटर वेगाने त्याने 883 सीसी गटातला विक्रम केला.

1967 मध्ये तो पुन्हा तिथे आला. इंजिन आता 950 सीसीचं, गाडीचं वय 47, चालवणारा 68 वर्षांचा. 1000 सीसीपर्यंतच्या गटात त्याने ताशी 296 किलोमीटरचा विक्रम नोंदवला. त्याआधीच्या पात्रता फेरीत तर एका दिशेने 305 च्या वर काटा गेला होता. म्हणजे सीसी दीडपटीहून थोडी जास्त वाढली, पण वेग तिपटीहून अधिक! नुसत्या मोठ्या पिस्टनने हे झालं नसतं. गाडीला माशासारखं निमुळतं कवच होतं आणि आत जवळजवळ प्रत्येक भाग नव्याने घडवलेला होता.

इथे एक लक्षात घ्या. बर्टने हे मिठाच्या मोकळ्या मैदानात, परीक्षकांसमोर केलं. आपल्याकडे आरसीवर छापलेली सीसी परस्पर वाढवणं कायद्यात बसत नाही. शिवाय बोअर वाढला म्हणून ब्रेक, टायर आणि चासी आपोआप वाढत नाहीत.

6 जानेवारी 1978 ला बर्ट गेला. 2005 मध्ये त्याच्यावर ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा सिनेमा आला, त्यात अँथनी हॉपकिन्सने बर्ट रंगवला. आणि 2014 मध्ये एक गंमत झाली. 1967 च्या विक्रमाची सरासरी काढताना बेरीज-भागाकारात चूक झाल्याचं त्याच्या मुलाने, जॉनने, दाखवून दिलं. आकडा ताशी 183.586 मैलांवरून 184.087 करण्यात आला. मरणानंतर 36 वर्षांनी बर्टची गाडी अर्ध्या मैलाने आणखी वेगवान झाली.