बाबासाहेबांचे पाय

दरवर्षी आषाढात ज्ञानोबांची पालखी आमच्या नातेपुत्यात मुक्कामाला असते. त्या रात्री शाळेच्या पटांगणापासून रस्त्याच्या कडेपर्यंत जिकडे पाहावे तिकडे सुजलेले, भेगाळलेले, तेल चोळून घेणारे पाय दिसतात. आम्ही बौद्ध आहोत, वारी आमची नाही. तरीही ते पाय पाहिले की आम्हाला माता रमाईची आठवण येते. रमाईंना पंढरपूरला जायचे होते. ज्या देवळाच्या दारात आपल्याला दूर उभे राहावे लागते तिथे जाऊ नये, आपण स्वतःच्या चारित्र्याने आणि कार्याने वेगळीच पंढरी उभी करू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. ती पंढरी उभी राहायला १९५६ साल उजाडावे लागले. तोवर रमाई राहिल्या नव्हत्या आणि बाबासाहेबांचे स्वतःचे पाय त्यांना आधाराशिवाय उभे राहू देत नव्हते.

या पायांविषयी आपल्या चळवळीत फारसे बोलले जात नाही. चौकाचौकातल्या पुतळ्यात बाबासाहेब ताठ उभे असतात, हातात संविधान असते, बोट पुढे केलेले असते. पुतळ्याचे पाय दुखत नाहीत. ज्या माणसाचा तो पुतळा आहे त्याचे पाय मात्र रात्ररात्र दुखत होते. मधुमेहाने त्यांच्या पायांच्या नसा पोखरल्या होत्या. ही गोष्ट बाजूला ठेवून त्यांचे चरित्र सांगितले, तर त्यांच्या अखेरच्या दहा वर्षांच्या कामाची किंमत आपल्याला कधीच कळणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांनी आयुष्याची पहिली पन्नास वर्षे शरीराला कधी विचारलेच नाही. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसून शिकलेला हा मुलगा १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. लंडनमध्ये शिकताना सकाळी पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय आणि रात्री भूक भागवायला चार पापड, असे दिवस त्यांनी काढले. त्या उपासमारीने मधुमेह झाला असे कोणी म्हणत असेल तर त्याला आधार नाही, आम्हीही तसे म्हणणार नाही. पण शरीराकडे दुर्लक्ष करण्याची सवय तिथे पक्की झाली, एवढे म्हणता येते. पुढे १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे, १९३० मध्ये नाशिकचा काळाराम, मग गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार, १९३५ ची येवल्याची घोषणा. त्याआधीच घरातली चार लेकरे गेली होती आणि २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. विश्रांती हा शब्द या चरित्रात कुठे सापडत नाही.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर मंत्री झाले. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे त्यांच्याच खात्याने सोपवले आणि त्या अहवालातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आज कारखान्यातला कामगार विम्याच्या दवाखान्यात जाऊन साखर तपासून घेतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे. दुसऱ्याच्या आजारपणाची तजवीज करणाऱ्या या मंत्र्याला स्वतःला याच दशकात मधुमेहाने गाठले.

हा आजार पायांना का धरतो, हे वाचकांनी समजून घ्यावे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की नसांना आणि त्या नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा होते. शरीरातल्या सर्वांत लांब नसा कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्या आधी बिघडतात. सुरुवात बोटांना मुंग्या येण्याने होते. मग तळपायाची आग होते, सुया टोचल्यासारखे किंवा विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. पोटऱ्यांना गोळे येतात, कधी मांसाचा एखादा भाग आपोआप उडू लागतो. दिवसा कामाच्या नादात जे जाणवत नाही ते रात्री अंथरुणावर छळते, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. पुढे संवेदना कमी होते, कापसावर चालल्यासारखे वाटते, स्नायू वाळतात, तोल जातो.

आता १९४८ साल डोळ्यांसमोर आणा. २९ ऑगस्ट १९४७ रोजी बाबासाहेब मसुदा समितीवर आले आणि तिचे अध्यक्ष झाले. समितीत सात जण होते. पण एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानी कारभारात गुंतले, एकदोघे दिल्लीपासून दूर होते. त्यामुळे मसुद्याचा भार अखेर एकट्या आंबेडकरांवर पडला, ही कबुली टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच दिली आहे. मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांकडे गेला तो फेब्रुवारी १९४८ मध्ये. त्याच सुमाराचा बाबासाहेबांचा पत्रव्यवहार पाहा. दिवसेंदिवस झोप नाही, मध्यरात्र झाली की पायांत वेदना सुरू होते आणि पहाटेपर्यंत थांबत नाही, इन्सुलिन चालू आहे, होमिओपॅथीही चालू आहे, असे ते जवळच्या सहकाऱ्यांना कळवत होते. मूलभूत हक्कांची कलमे आम्ही कोर्टात रोज वाचतो. ती ज्या महिन्यांत घडत होती त्या महिन्यांतल्या रात्री अशा होत्या.

त्या काळी औषधे तरी किती होती? इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरांटोत लागला होता. ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले असे आणि काचेची सिरिंज उकळून टोचावे लागे. घरी बोटाला टोचून साखर मोजण्याचे यंत्र नव्हते, लघवी तापवून रंग पाहायचा, एवढीच सोय होती. आज खेड्यातल्या दवाखान्यातही मिळणारी मेटफॉर्मिनची गोळी फ्रान्समध्ये १९५७ मध्ये पुढे आली, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी त्याहून कितीतरी नंतरची. साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर नसांची हानी बरीच टळते, हे अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्ये सिद्ध केले. बाबासाहेब या आजाराशी लढले ते जवळजवळ निःशस्त्र.

उपचारासाठी ते मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे जात आणि मुंबईतच त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. रमाईंच्या पश्चात पुन्हा लग्न करायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. परंतु पथ्य सांभाळणारे, इन्सुलिन देणारे, रात्री-अपरात्री जवळ असणारे माणूस हवे, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत हा विवाह झाला आणि शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या, आपल्या माईसाहेब.

इथे एका अप्रिय विषयाला हात घालणे भाग आहे. महापरिनिर्वाणानंतर आपल्यातल्याच काहींनी माईसाहेबांवर संशय घेतला. त्या डॉक्टर होत्या, जन्माने ब्राह्मण होत्या, एवढ्यावर लोकांनी निकाल देऊन टाकला. सरकारी चौकशी झाली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचे पुढे आले, तरी कुजबूज थांबली नाही. आम्ही वकील आहोत. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्हाला रोज कोर्टात सांगावे लागते. समोरचा पुरावा काय सांगतो? लग्नाच्या आधीच मधुमेह होता, पायांच्या नसा आधीच बिघडल्या होत्या, झोप आधीच उडाली होती. अशा शरीराने, त्या काळच्या तुटपुंज्या औषधांवर, पुढे साडेआठ वर्षे काम केले. संविधान पूर्ण झाले, हिंदू कोड बिलाची लढाई झाली, बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचा ग्रंथ लिहून झाला, धम्मदीक्षा झाली. या साडेआठ वर्षांत शुश्रूषेचा वाटा किती, हा प्रश्न आपण कधी स्वतःला विचारला का? १४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांचे भारतरत्न राष्ट्रपतींच्या हस्ते स्वीकारले ते माईसाहेबांनीच. २९ मे २००३ रोजी त्या गेल्या. जन्मावरून माणसाला दोषी ठरवू नये, हे ज्यांनी जगाला शिकवले त्यांच्याच अनुयायांनी त्यांच्या पत्नीला जन्मावरून दोषी ठरवावे, याची आम्हाला लाज वाटते.

संविधान सभेत मसुद्यावर २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि त्यांना उत्तरे देण्यासाठी बाबासाहेब पुन्हापुन्हा उभे राहिले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. मग हिंदू कोड बिल आले. १० ऑगस्ट १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या प्रकृतीचे खरे चित्र मांडले आहे. डॉक्टर सलग महिनाभराच्या उपचाराचा आग्रह धरत आहेत, तो आता टाळता येत नाही. पण डॉक्टरांच्या हाती जाण्यापूर्वी हे बिल मार्गी लागावे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या स्त्रियांना वारसा नव्हता, घटस्फोट नव्हता, त्यांच्यासाठी हा आजारी माणूस आपला उपचार पुढे ढकलत होता. बिल रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. पुढे तोच कायदा तुकड्यातुकड्यांनी १९५५ आणि १९५६ मध्ये झाला.

१९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात मतदारांनी त्यांना पाडले. या काळात पाय आणखी खचत गेले. हातात काठी आली, उठताना कोणाचा तरी खांदा लागू लागला. त्याच पायांनी ते १९५४ मध्ये ब्रह्मदेशाला गेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पांढऱ्या वेशात, हातात काठी घेऊन ते व्यासपीठावर उभे राहिले. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि समोरच्या लाखोंना स्वतः दीक्षा दिली. दुसऱ्या दिवशी दीर्घ भाषण, मग चंद्रपूरची दीक्षा, नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, परतताना सारनाथ आणि कुशीनारा. निरोगी माणूसही थकेल असा तो प्रवास होता.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत २६, अलीपूर रोडवर नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते. त्यानंतरही त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागून घेतले. ६ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय अवघे ६५.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आमचे एक चुलते आयुष्यभर उसाच्या फडात राबले. शुगर निघाली तेव्हा त्यांनी ती कोणाला सांगितली नाही. पायात मुंग्या येत, रात्री पोटऱ्या उडत, तर ते दमणुकीचे म्हणून तेल चोळत. एके दिवशी चप्पल काढली तर तळव्यात खिळा घुसलेला. किती दिवसांपासून, त्यांनाच ठाऊक नव्हते. अंगठा गेला, मग दोन बोटे. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत उभे राहणाऱ्या आमच्या चुलत्यांना आपल्या बापाला हाच आजार होता, हे ठाऊक नव्हते. कोणी सांगितलेच नव्हते. आम्हीही सांगितले नव्हते, आणि विहारात भाषणे तर आम्हीच करत होतो.

म्हणून यंदा आमच्या विहारात भाषणाआधी पाय तपासायचे ठरवले आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते, तिथे जाऊन मागा. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते आणि जगण्याच्या हक्कात आरोग्य येते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. शुगर असेल तर रोज रात्री तळपाय पाहा, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. अनवाणी फिरू नका. चप्पल-बूट झटकून घाला. आग होते म्हणून पाय कडक पाण्यात बुडवू नका, कुरूप ब्लेडने कापू नका. पोटऱ्या उडणे, गोळे येणे याला मधुमेहाशिवाय दुसरीही कारणे असतात, कधी क्षार कमी पडतात, कधी बी-१२ जीवनसत्त्व. म्हणून अंदाजाने औषध घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा आणि वर्षातून एकदा पायांची संवेदना तपासून घ्या. बाबा-बुवाच्या पुडीसाठी इन्सुलिन सोडणे तर आत्मघात आहे.

बाबासाहेबांना आपल्या पायांसाठी वेळ मिळाला नाही, कारण तो सगळा वेळ त्यांनी आपल्याला दिला. त्यांच्याकडे औषधे नव्हती, आपल्याकडे आहेत. तरीही आपण आपले पाय गमावणार असू तर चळवळीच्या मोर्चात चालणार कोण?

जय भीम!