डिझेल इंजिनाचा जनक : रुडॉल्फ डिझेल

भोपाळमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी एक दृश्य केव्हा ना केव्हा पाहिले असेल. भेलच्या कारखान्यातून एखादा प्रचंड ट्रान्सफॉर्मर बाहेर पडतो. अनेक चाकांच्या लांबलचक ट्रेलरवर तो बांधलेला असतो आणि पुढे जोडलेला ट्रक तो सारा भार मुंगीच्या पावलांनी ओढून नेत असतो. एवढे ओझे ओढण्याचे सामर्थ्य त्या ट्रकमध्ये येते त्याच्या डिझेल इंजिनामुळे. डिझेल हे तेलाचे नाव आहे, अशीच पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते एका माणसाचे आडनाव आहे; आणि गंमत अशी की, तो माणूस लहानपणी स्वतःच एक गाडी ओढत असे.

रुडॉल्फ डिझेल याचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिस येथे झाला. आईबाप मूळचे जर्मनीतील बव्हेरियाचे. वडील थिओडोर हे पुस्तकबांधणीचे व चामड्याच्या वस्तूंचे कारागीर होते. घरची स्थिती ओढगस्तीची असल्याने तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचविण्याचे काम छोट्या रुडॉल्फकडे असे. त्यातून सवड मिळाली की तो पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात जाई आणि तेथील जुन्या यंत्रांपुढे तासन् तास उभा राही. हातगाडीचे ओझे आणि यंत्रांचे वेड, या दोन गोष्टींनी त्याचे पुढील आयुष्य घडविले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

1870 साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन वंशाच्या लोकांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला मात्र जर्मनीतील आउग्सबुर्ग या गावी नातलगांकडे धाडण्यात आले. तेथे गणित शिकविणाऱ्या काकांच्या घरी राहून तो शिकू लागला. त्याने लवकर मिळवते व्हावे, अशी आईवडिलांची इच्छा होती. परंतु इंजिनियर होण्याचा त्याचा निश्चय ढळला नाही. शिष्यवृत्ती मिळवून 1875 मध्ये तो म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. ऐन परीक्षेच्या वेळी विषमज्वराने गाठल्यामुळे त्याची परीक्षा लांबली. तथापि 1880 च्या आरंभी ती देऊन त्याने उत्कृष्ट यश मिळविले.

म्यूनिकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. शीतयंत्राच्या शोधाबद्दल ते प्रसिद्ध आहेत. एकदा व्याख्यानात त्यांनी सांगितले की, वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्साच कामी येतो. बाकीची सारी वाया जाते. वर्गातील इतरांनी ते ऐकले व लिहून घेतले. रुडॉल्फने मात्र आपल्या वहीच्या समासात, हा अपव्यय कसा टाळता येईल याचा विचार टिपून ठेवला. तो विचार पुढे चौदा-पंधरा वर्षे त्याच्या मनात घर करून राहिला.

त्याच्या मनात आणखीही एक गोष्ट होती. वाफेचे इंजिन अवजड व महागडे असल्याने ते केवळ धनिकालाच परवडे. त्यामुळे मोठे कारखाने वाढत होते आणि वडिलांसारख्या लहान कारागिरांचे धंदे बसत होते. कमी खर्चात चालणारे छोटे इंजिन या कारागिराच्या हाती आले, तर तो पुन्हा ताठ मानेने उभा राहील, असे डिझेलला वाटे.

त्याच्या इंजिनाचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. सायकलमध्ये पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हा आपला नेहमीचा अनुभव. हवा दाबली की तापते. ती पुष्कळच दाबली, तर इतकी तापते की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे येथे विजेच्या ठिणगीची गरज उरत नाही. शिवाय जितका दाब अधिक, तितका उष्णतेचा उपयोगही अधिक.

या कल्पनेचे पेटंट डिझेलला 1893 च्या फेब्रुवारीत मिळाले. आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याने व क्रुप या कंपनीने त्याला साहाय्य दिले. त्याच वर्षी 10 ऑगस्ट रोजी पहिली चाचणी झाली. दाब एवढा वाढला की दाब मोजण्याचे उपकरणच फुटले आणि जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात बचावली. दुसरा एखादा असता तर तेथेच थांबला असता. डिझेलला मात्र त्या स्फोटात आपल्या तत्त्वाची खूण पटली; दाबलेल्या हवेने तेल पेटते हे सिद्ध झाले होते. 17 फेब्रुवारी 1894 रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर सुमारे मिनिटभर फिरले. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, 17 फेब्रुवारी 1897 रोजी, प्राध्यापक श्रोटर यांनी त्याची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा उष्णतेचा 26 टक्क्यांहून अधिक भाग कामी येत असल्याचे आढळले. वहीच्या समासातील टिपणाला असे फळ आले.

कीर्ती आणि पैसा दोन्ही धावत आले. 1900 च्या पॅरिस येथील प्रदर्शनात तर एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. ज्या देशांत खनिज तेल नाही, तेथे शेतात पिकणाऱ्या तेलावर यंत्रे चालतील, ही आशा डिझेलने अखेरपर्यंत बाळगली.

परंतु दैवगती विचित्र असते. पेटंटविषयीचे वाद, अतिश्रम व डोकेदुखी यांनी त्याची प्रकृती खालावली. जमिनींच्या व्यवहारांत पैसा बुडाला. इंजिनही त्याच्या इच्छेप्रमाणे लहान कारागिराकडे न जाता मोठ्या कारखान्यांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत गेले. श्रमिकांनी एकत्र येऊन आपले उद्योग उभारावेत, असे सांगणारा ग्रंथ त्याने 1903 मध्ये लिहिला. त्याला वाचकच लाभले नाहीत. 29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीने इंग्लंडला निघाला. रात्री जेवण आटोपून तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी पाहतात तो खोली रिकामी. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह आढळला. त्याच्याजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. मृत्यूचे गूढ मात्र उकलले नाही. जगाला शक्ती देणाऱ्या या माणसाच्या घरी मागे उरले ते कर्ज.

डिझेलच्या हयातीत त्याचे इंजिन ट्रकवर बसविण्याजोगे हलके झालेले नव्हते. 1923-24 मध्ये जर्मनीत पहिले डिझेल ट्रक निघाले आणि 1927 पासून बॉशच्या कारखान्यात तेलाचा फवारा सोडणारे छोटे पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. आपल्या देशात 1954 पासून जमशेदपूरला टाटांचे डिझेल ट्रक बनू लागले. तत्पूर्वी 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली होती. अशी इंजिने गावोगावच्या विहिरींवर बसली, तेव्हा मोट ओढणाऱ्या बैलांच्या मानेवरचे जू उतरले. पिठाच्या गिरण्या चालू लागल्या. लहान माणसाच्या हाती यंत्र देण्याचे डिझेलचे स्वप्न जर्मनीत फसले, ते अशा रीतीने आपल्या शिवारात पुष्कळसे खरे झाले.

तथापि या इंजिनाची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. त्याचा धूर आरोग्याला घातक असून त्यामुळे कर्करोग होऊ शकतो, हे 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले. म्हणून 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडील डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत खाली आणण्यात आले. गंधक काढताना तेलाचा वंगणाचा गुण कमी होतो. तो भरून काढण्यासाठी त्यात अल्प प्रमाणात दुसरे द्रव्य मिसळतात. तेल चटकन पेटावे, थंडीत गोठू नये, फवाऱ्याची छिद्रे स्वच्छ राहावीत, यांसाठीही निरनिराळी द्रव्ये असतात. मात्र ती मोजून-मापून घालावयाची असतात. बाजारातील कोणतीही बाटली टाकीत ओतली की जुने इंजिन नवे होते, असा चमत्कार घडत नाही. अपव्यय शोधावा, तो मोजावा आणि मग उपाय करावा, हा डिझेलचाच धडा येथेही लागू पडतो.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढे तो अजस्र ट्रेलर रस्त्यावरून जाताना दिसला, तर पॅरिसच्या गल्लीत हातगाडी ओढणाऱ्या त्या मुलाची आठवण ठेवा. वर्गात ऐकलेले एक वाक्य त्याने विसरू दिले नाही, एवढ्यातूनच हे सारे घडले. आपल्याही वह्यांना समास असतात.