नळदुर्गचा मोजणीदार साहेब

पावसाळ्यात नळदुर्गचा किल्ला पाहायला गेलेली मंडळी बोरी नदीवरच्या दगडी धरणापाशी हमखास रेंगाळतात. वरून पाणी कोसळत असते आणि धरणाच्या पोटातला पाणीमहाल कोरडा असतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, 1613 सालचे हे काम. त्यानंतर 240 वर्षांनी याच नळदुर्गात एक इंग्रज अंमलदार आला. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीमुळे टेलर जगाला माहीत झाले. शेतीपाण्याशी त्यांचे जडलेले नाते मात्र मागे पडले.

टेलर यांचा जन्म 1808 साली लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी व्यापाऱ्याकडे नोकरी करायला म्हणून हा मुलगा मुंबईत उतरला. पेढी डबघाईला आलेली! अखेर निजामाच्या फौजेत जागा मिळाली. मिसरूड फुटायच्या वयात पोलिसांचे काम अंगावर आले. कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या या पोराने हिंदुस्थानी, मराठी शिकून घेतली. मग कायदा, जमीनमोजणी, बांधकाम, भूगर्भ आणि वनस्पतीही. सारे स्वतःच्या हिमतीवर.

1841 साली सुरपूर संस्थानाचा कारभार त्यांच्याकडे आला. राजा लहान होता, खजिना कर्जात होता. बारा वर्षांत त्यांनी घडी बसवली. बोनाळच्या तलावाचे कामही त्यांनी हाती घेतले. आज त्या तलावावर पक्षी अभयारण्य आहे. लोक त्यांना महादेवबाबा म्हणू लागले.

1853 साली निजामाने काही मुलूख कंपनीकडे सोपवला आणि टेलर नळदुर्गला आले. निजामी मुलखात तेव्हा महसूल वसुलीचा गुत्ता दिला जाई. गुत्तेदार आज आहे, उद्या नाही. मिळेल तेवढे ओरबाडणे एवढेच त्याला ठाऊक. उद्या सारा किती पडेल हेच कळत नसेल, तर कुळाने बांध कशाला घालावा, विहीर कशाला खणावी? काळी माती नदीला जायची ती अशी. टेलर यांनी जमिनीची मोजणी सुरू केली. शेत किती, प्रत कोणती, सारा किती, हे एकदा ठरले की शेतकऱ्याला पुढच्या सालाचा विचार करता येतो. मातीची राखण तिथून सुरू होते.

1857 च्या धामधुमीत त्यांची बदली वऱ्हाडात बुलढाण्याला झाली. 1860 साली नळदुर्गचा मुलूख निजामाकडे परत गेला आणि त्याच वर्षी टेलर मायदेशी परतले. तिथे त्यांनी लिहिलेल्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर पुन्हा जिवंत झाले. 1875 साली दृष्टी अधू झालेली असतानाही ते पुन्हा हिंदुस्थानात आले. परतीच्या वाटेवर, 13 मे 1876 रोजी फ्रान्समधल्या मेंतो गावी त्यांचे निधन झाले.

ते परक्या सत्तेचे चाकर होते, हे विसरायचे कारण नाही. पण धाराशिवच्या दुष्काळी शिवारात आज जी तरुण मुले बांधबंदिस्तीला हात घालतात, त्यांना या पंधरा वर्षांच्या पोराची गोष्ट जरूर सांगावी. पदवी नव्हती. त्याने आधी शिवार पायाखाली घातले, मोजले, समजून घेतले. पाणी अडवायचे ते त्यानंतर.