तापीकाठचे ग्रंथालय

सप्टेंबर १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना गोव्यात उतरला. त्याच वर्षीच्या १७ डिसेंबरला लाहोर येथे एका मुलाचा जन्म झाला. पुढे त्याने तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात आपल्या काळातील एक नामांकित ग्रंथसंग्रह नांदविला. तो मुलगा म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना. दोह्यांचा कर्ता रहीम म्हणून शाळकरी मुलेही त्याला ओळखतात.

रहीमचे वडील बैरामखान हे अकबराचे पालक व सेनापती. मक्केच्या वाटेवर असताना, १५६१ मध्ये गुजरातेतील पाटण येथे त्यांचा खून झाला. चार वर्षांच्या पोरक्या रहीमला अकबराने आपल्या दरबारात वाढविले. तुर्की आणि फार्सीबरोबरच संस्कृत व ब्रज या भाषांतही त्याला गती होती. गुजरातेतील विजयानंतर १५८४ मध्ये त्याला खानखाना हा किताब मिळाला. १५८९ मध्ये त्याने बाबराचे तुर्की आत्मचरित्र फार्सीत आणून अकबराला सादर केले.

दख्खनच्या मोहिमेने त्याला बुऱ्हाणपुरात आणले. एकीकडे मलिक अंबरासारख्या चिवट प्रतिस्पर्ध्याशी झुंज चालू होती, तर दुसरीकडे ग्रंथ जमत होते. मोगल मुलखात मुद्रणकला रुजली नव्हती. प्रत्येक प्रत हातानेच उतरवावी लागे. त्यामुळे रहीमचे ग्रंथालय हे एक कारखानाच होते. तेथे नकलाकार, चित्रकार, सोनेरी नक्षी काढणारे आणि पुस्तके बांधणारे कारागीर राबत. अकबराने करवून घेतलेल्या वाल्मीकी रामायणाच्या फार्सी भाषांतराची सचित्र प्रत रहीमने स्वतःसाठी तयार करविली आणि तिच्या कोऱ्या पानावर तिची हकीकत स्वहस्ते लिहून ठेवली. इराणातून आलेल्या अब्दुल बाकी नहावंदी याने १६१६ मध्ये ‘मआसिर-ए-रहीमी’ हा चरित्रग्रंथ पूर्ण केला. खानखानाच्या आश्रयाला असलेल्या कवी, विद्वान आणि कारागिरांची नोंद त्यात आहे.

त्याच सुमारास, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपूरची जलव्यवस्था आकाराला आली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने एकमेकींना जोडलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांतून वाहत शहरापर्यंत येई. केवळ उताराच्या बळावर चालणारा हा कुंडी भंडारा आजही पाहावयास मिळतो.

रहीमचा उत्तरकाळ मात्र कठोर ठरला. थोरला मुलगा शाहनवाजखान १६१९ मध्ये वारला. त्याची कबर बुऱ्हाणपुरातच आहे. पुढे शाहजहानच्या बंडात रहीम गुंतला आणि जहांगीराच्या रोषाला पात्र झाला. दुसरा मुलगा दाराबखान याचा शिरच्छेद झाला, रहीमलाही कैद भोगावी लागली. अखेरीस किताब परत मिळाला, पण १६२७ मध्ये दिल्लीत त्याचे निधन झाले. पत्नीसाठी त्याने बांधविलेल्या कबरीतच त्यालाही विसावा मिळाला.

त्याचे ग्रंथालय मात्र त्याच्यामागे एकत्र राहिले नाही. ते सगळे एका माणसाच्या दौलतीवर उभे होते. ती दौलत ओसरली आणि पुस्तके दिशादिशांना पांगली. ती रामायणाची प्रत आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. बुऱ्हाणपुरात पाण्याची वाट राहिली, पुस्तकांची राहिली नाही.

गोव्यात पणजी येथे १८३२ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले. ते कोणा सरदाराच्या मर्जीवर अवलंबून नव्हते, राज्याच्या आश्रयाने उभे होते. राजवट बदलली, नाव बदलले, जागाही बदलली. पण आज कृष्णदास शामा यांच्या नावाने ते वाचकांसाठी खुले आहे. रहीमकडे विद्वत्ता, रसिकता आणि औदार्य यांपैकी कशाचीही उणीव नव्हती. त्याच्या ग्रंथांना उणीव भासली ती मालकाच्या आयुष्यापेक्षा अधिक टिकणाऱ्या घराची.