मुक्तिसदनाची माता : पंडिता रमाबाई

दुष्काळ म्हणजे काय हें पूर्णेकांठच्या येलदरीस सांगावयास नको. १९७२ सालाची आठवण आमच्या वडील मंडळींत अजून ताजी आहे. म्हणून दुष्काळानें जिचें घर मोडलें, आणि दुष्काळांतल्या अनाथांसाठीं जिनें घर बांधलें, अशा भगिनीचें चरित्र आज आपणांपुढें ठेवितों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें; तेंच तिनें मुलीस दिलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरे. पुढें दुष्काळ पडला. १८७४ सालीं आईबाप गेले, मागोमाग वडील बहीणही गेली. रमाबाई व त्यांचा भाऊ पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु १८८० सालीं भाऊ वारला, आणि १८८२ सालीं पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें गेले. बाईंचें वय अवघें तेवीस. पदरीं तान्ही मनोरमा.

१८८३ सालीं इंग्लंडांत वांटेज येथें मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला. त्यामुळें पुष्कळ स्नेही दुरावले. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें मुली ख्रिस्ताकडे वळतात असा बोभाटा होऊन १८९३ सालीं सल्लागारांनीं अंग काढून घेतलें. अनेक पालकांनीं मुली घरीं नेल्या. तरी बाईंनीं दार बंद केलें नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या. भुकेल्या मुलींच्या तोंडाकडे पाहतांना त्यांस आपलेंच बाळपण दिसलें असेल. सुमारें ३०० निराधार स्त्रिया व मुली त्यांनीं आणिल्या. केडगांवच्या माळावर विहिरी खणल्या आणि मुक्तिसदन उभें राहिलें.

खेड्यांतील अल्पशिक्षित बायांस शास्त्राची जड भाषा कळत नसे. म्हणून या पंडितेनें आपलें पांडित्य बाजूस ठेविलें, उतारवयांत इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठींत उतरविलें. सदनांतल्या स्त्रियांनींच तें छापिलें. काम चालू असतां १९२१ सालीं मनोरमा वारली. आईनें लेकीस पुरलें आणि लेखणी पुन्हां हातीं घेतली. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई प्रभूकडे गेल्या. सबंध ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. तो त्यांनीं पाहिला नाहीं.

उपदेशक बंधूंनो, आपण पेरितों तें सर्व आपल्याच डोळ्यांदेखत उगवेल असें नाहीं. शेतकरी आंब्याची कोय लावितो ती नातवांसाठीं. यास्तव मंडळी लहान असो कीं वाट खडतर असो, आपल्या वांट्याचें काम विश्वासूपणें करीत राहूं या. पीक देणारा प्रभु आहे.